बसवलेला माणूस

"कपड्यावर विसंबू नकोस गं बाई. कपडा काय, मेलेल्या माणसाचाही वाळतो."

हे मला रेडिओमावशींनी नळावर सांगितलं होतं, माझी बादली भरत आलेली असताना. मी हसले होते. रेडिओमावशी सकाळी लागल्या की अंधार पडल्यावरच बंद व्हायच्या, आणि त्यांच्या बातम्यांत रोज कुठलं तरी छप्पर कोसळायचं, कोणाच्या तरी पोराच्या अंगावर पुरळ उठायचं. काळजी करायला माझी मी पुरेशी होते, उसनी काळजी ठेवायला घरात जागा नव्हती. "हो मावशी," म्हणून मी बादली उचलली आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत आले.

आमची खरी खोली समोर होती. पत्र्याच्या वस्तीपुढे रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याचं मैदान, त्यात गंजलेले रूळ आणि गुडघाभर गवत, आणि मैदानापलीकडे ती इमारत. इंग्रजांच्या कुठल्याशा जहाज कंपनीने आपल्या कारकुनांसाठी बांधलेली. दारावरच्या दगडात एका गव्हर्नरचं नाव कोरलेलं होतं, त्यातली निम्मी अक्षरं कबुतरांनी झाकून टाकली होती. इमारतीला दोन जिने. समोरचा रुंद, लाकडी, साहेबलोकांसाठी. मागचा लोखंडी, गोल फिरत जाणारा, नोकरांसाठी. कंपनी गेली, साहेब गेले, रस्त्याचं नाव दोनदा बदललं. भाडं तेवढं बदललं नाही. त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी भिंतींकडे पाठ फिरवली, आणि राहणाऱ्यांनी मालकांकडे. असं चालता चालता एका दुपारी साहेबांचा जिना खाली बसला. नशीब, त्या वेळी त्याच्यावर मांजराशिवाय कोणी नव्हतं.

"बघ सूनबाई," माझे सासरे धुरळा झटकत म्हणाले, "साहेबांचा पडला, नोकरांचा उभा आहे. आता सगळे एकाच जिन्याने जाणार. स्वातंत्र्य आलं म्हणायचं शेवटी!"

बाबांचं बोलणं हे असं. नोकरीभर एका जुन्या बँकेत लिफ्ट चालवली त्यांनी. जाळीच्या दाराची, पितळी दांड्याची लिफ्ट. "मॅनेजरांना वर नेलं, अध्यक्षांना वर नेलं, मंत्र्यांनासुद्धा वर नेलं," ते सांगायचे, "आणि रोज संध्याकाळी मी आपला तळमजल्याला परत." कोणी घरी आलं की अजूनही दार उघडून बाजूला उभे राहायचे आणि हात पुढे करून म्हणायचे, "कितवा मजला?" चिमीला, म्हणजे माझ्या मुलीला, हा खेळ फार आवडायचा. ती त्यांच्या कडेवर बसून आढ्याकडे बोट दाखवायची आणि ते तिला हळूहळू उंच उचलायचे, तोंडाने लिफ्टचा आवाज काढत.

जिना पडल्यावर म्युनिसिपालिटीची माणसं आली. इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करा. आम्हाला मैदानाच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. चिमीची छाती त्या ओल धरलेल्या भिंतींत सतत घरघरायची. रात्री तिच्या नाकाशी हात धरून श्वास लागतोय ना हे बघायची मला सवयच लागली होती.

पण मग नगरसेवकांनी सभा घेतली. उंच खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "खोली सोडा, ताबा सोडू नका! ज्या खोलीत माणूस नांदतोय ती खोली त्याची. कुलूप दिसलं की तुम्ही हक्क सोडला. आणि एक लक्षात ठेवा. निम्म्याहून जास्त खोल्या नांदत्या आहेत तोवर इमारतीला हात लावायची कोणाची हिंमत नाही."

तेव्हापासून प्रत्येक घराने आपलं एक माणूस तिथे ठेवलं. त्याला आम्ही बसवलेला माणूस म्हणायचो. नळावर विषय तोच. "तुमच्याकडे कोण बसलंय?" "आमचे दीर." "आमच्याकडे जाऊबाईंची आई, तिला कळतही नाही कुठे आहे ते." कामावर जाणारा माणूस बसवता येत नाही, पोरं शाळेतून काढता येत नाहीत, तेव्हा जे कोणाला लागत नव्हतं ते बसलं.

आमच्याकडे नवऱ्याला बसणं शक्य नव्हतं. तो बंदराच्या फाटकावर कंटेनरची कागदपत्रं तपासतो, कंत्राटावर. एक दिवस गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा.

"मी कशाला आहे?" बाबा म्हणाले. "एका डब्यात बसून राहायचं काम. अनुभव आहे मला."

"बाबा, जिना चढउतार झेपेल का?" नवऱ्याने विचारलं.

"उतरायचंच नाही तर चढायचा प्रश्न येतो कुठे?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "बाबा, एकटे कसे राहाल?"

"एकटा कुठला? शेजारी घड्याळकाका आहेत. त्यांना ऐकू येत नाही, आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आमचं छान जमतं."

घड्याळकाका शेजारच्या खोलीत बसले होते. बंदरावरच्या मनोऱ्याचं मोठं घड्याळ पूर्वी तेच चालतं ठेवायचे. त्या टोल्यांनी त्यांचे कान गेले आणि पुढे घड्याळही गेलं. मुलगा परदेशात, जागेचं काय ते मी येऊन बघतो, तोवर तुम्ही बसा, असं सांगून गेलेला. तो तोवर अजून संपला नव्हता.

कपड्यांची पद्धत सुरू झाली ती गोडबोल्यामुळे. गोडबोल्या म्हणजे बिल्डरचा माणूस. सगळ्यांना ताई, काका, मामा म्हणायचा, पोरांना गोळ्या द्यायचा, आणि रोज सकाळी रस्त्यावर उभा राहून मोबाइलवर इमारतीचे फोटो काढायचा. ज्या गॅलरीत कपडे वाळत नाहीत ती खोली रिकामी, असं तो धरतो ही गोष्ट पसरली. मग बसवलेली सगळी माणसं सकाळी उठल्याबरोबर आधी कपडा बाहेर टांगायची. धुतलेला असो नसो. घड्याळकाकांचा हिरवा टॉवेल. कोपऱ्यावरच्या म्हातारीची फुलांची चादर. बाबांनी माझ्याकडून चिमीचा तोकडा झालेला पिवळा फ्रॉक मागून घेतला.

"फ्रॉक कशाला? तुमचा शर्ट टांगा की."

"शर्ट कोण बघतंय? हा चिमीला तिथून दिसेल. सकाळी वर गेला की आजोबा उठले. संध्याकाळी खाली आला की आजोबा जेवले."

त्यांचा फोन बहुतेक बंदच असायचा, कारण इमारतीची वीज तोडली होती. मी डबा घेऊन जायचे तेव्हा चार्ज केलेला फोन द्यायचे, पण तो जुना, दुपारपर्यंत मान टाकायचा. तेव्हा फ्रॉक हाच आमचा फोन झाला. चिमी सकाळी डोळे चोळत दाराशी यायची, पलीकडे बोट करायची आणि म्हणायची, "आबा उठले." बाबा फ्रॉक खांद्यांना चिमटे लावून टांगायचे. मी एकदा म्हटलं, घेरावरून टांगला तर चिमट्यांचे वळ पडणार नाहीत. "छे! खांद्यावर टांगला की उभा दिसतो. चिमी उभी आहेसं वाटतं."

त्यानंतरच कधीतरी रेडिओमावशी ते कपड्याचं बोलल्या होत्या.

मग मैदानाला पत्र्याचं कुंपण पडलं. सकाळी उठलो तर निळे पत्रे उभे. आतून जाणारी पायवाट बंद. आता पुलावरून वळसा घालून, बंदराच्या रस्त्याने ट्रकांमधून वाट काढत जायचं, आणि फाटकावर रखवालदार. ज्यांचं माणूस वर बसलंय त्यांनाच आत सोडायचा, तेही उजेड असेपर्यंत. कुंपणाचा ठेकेदार नगरसेवकांचा साडू आहे, ही बातमीही रेडिओमावशींचीच, आणि ती मात्र दुसऱ्या दिवशी खरी निघाली. सभेत कोणी विचारलं तर नगरसेवक म्हणाले, कुंपण तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.

त्याच आठवड्यात चिमीला ताप भरला. शेवटचा डबा नेला तेव्हा मी बाबांना ते सांगितलं होतं. "तू तिच्याजवळ थांब," ते म्हणाले होते. "माझ्याकडे बिस्किटं आहेत, पोहे आहेत, स्टोव्ह आहे. मी काय लहान आहे? इथे येऊ नकोस." मग उठून त्यांनी दार उघडलं, बाजूला उभे राहिले आणि हात पुढे केला. "तळमजला?"

मी हसून उतरले.

ताप काही उतरेना. मी चिमीच्या उशाशी ओल्या घड्या बदलत बसले होते. बंदरावर काही माणसांना काढून टाकलं होतं, त्यामुळे नवऱ्याला दुहेरी पाळी. तो अंधारात जायचा, अंधारात यायचा. आल्याबरोबर चप्पल काढायच्या आत विचारायचा, "बाबांचं?"

"सकाळी फ्रॉक लागला होता. मघाशी काढला."

"बरं."

मी लक्ष ठेवून होते, हे मला ठासून सांगायचंय. दाराच्या चौकटीतून इमारतीचा वरचा भाग कुंपणावरून दिसत होता. रोज सकाळी पिवळा ठिपका वर जात होता आणि दिवस कलल्यावर आत जात होता. मी नवऱ्याला सांगत होते ते डोळ्यांनी बघून सांगत होते.

ताप उतरला त्या सकाळी चिमी माझ्या कडेवर अगदी हलकी लागत होती. दाराशी आल्यावर तिने पलीकडे बघितलं. नेहमीचं काही बोलली नाही. मान वाकडी करून बघत राहिली.

"फ्रॉक खाली डोकं."

मी बघितलं. फ्रॉक घेरावरून टांगलेला होता, गळा खाली. "वाऱ्याने झालं असेल गं," मी म्हटलं.

संध्याकाळी तो काढला गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा लागला, पुन्हा गळा खाली. वारा रोज तीच चूक करत नाही. मी चिमीला रेडिओमावशींच्या मांडीवर दिलं. त्या काहीतरी विचारत होत्या, मी ऐकायला थांबले नाही.

लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांना भोकं पडली आहेत. एरवी मी भिंतीकडेने, कठड्याला हात न लावता चढते. त्या दिवशी कशी चढले आठवत नाही. गॅलरीत घड्याळकाका स्टुलावर बसून उन्हात पाय शेकत होते. आमच्या दाराबाहेरची बादली त्यांच्याशेजारी होती, चिमट्यांचा डबा तिच्यात. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? कशी आहे छोटी? उतरला का ताप?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं. "आणि बाबा? ते नाही आले तुझ्याबरोबर?"

मी तिथेच कठडा धरला, जो धरायचा नसतो.

"काका, बाबा कुठे आहेत?"

"काय?"

"बाबा!"

"तेच विचारतोय मी. तिकडेच ना तुमच्याकडे? म्हणत होते, नातीला बघून येतो, चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून दार लोटलेलं. मी म्हटलं, गेले. बरं झालं, नातीजवळ असलेले बरे." मग खालच्या रस्त्याकडे नजर टाकून, कौतुकाची वाट बघणाऱ्या पोरासारखे हसले. "काळजी करू नकोस, एक दिवस चुकवला नाही मी. सकाळी लावतो, संध्याकाळी काढतो. गोडबोल्याला पत्ताच नाही. तुमचा ताबा जाऊ देईन का मी?"

दार नुसतं लोटलेलं होतं.

आत काय होतं ते सगळं मी लिहिणार नाही. बाबा पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत होते, कुशीवर. बाहेर जायचा शर्ट अंगात, एकच बाही घातलेली. चिमीकडे यायला निघाले असावेत आणि तोल गेला असावा. खुब्याचं हाड मोडलं होतं असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या हाडाने माणूस मरत नाही, वेळेवर कोणी आलं तर, असंही म्हणाले. बाबांच्या हातात स्टीलचा पेला होता. जमिनीजवळ भिंतीचा गिलावा उडालेला होता, पेल्याच्या काठाच्या चंद्रकोरी, एकीत एक, एकीत एक. ती भिंत पडलेल्या जिन्याकडची. तिच्यापलीकडे माणूस राहत नाही. तिच्यापलीकडे जमीनच नाही, नुसती हवा आणि कबुतरं.

घड्याळकाकांना मी ओरडून सांगितलं, पण त्यांना कळेना. ते आत गेले आणि स्वतः बघून आले. मग स्टुलावर बसून फ्रॉककडे बघत एकच वाक्य बोलत राहिले. "मीच लावत होतो. मीच लावत होतो गं." त्यांनी आमची जागा राखली होती, मी फ्रॉक बघून नवऱ्याला सांगत होते, आणि मधे बाबा भिंत वाजवत होते.

बाबांना आम्ही चादरीच्या झोळीतून त्याच जिन्याने खाली आणलं. दुपारी नगरसेवक आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून म्हणाले, "फार वाईट झालं. आपल्या लढ्याचा पहिला बळी. चौकात फलक लावू आपण." मग नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला जरा बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, पण पत्र्याच्या खोलीत बाजू अशी नसते. "दुःखाची वेळ आहे, मला कळतं. पण खोली उघडी ठेवू नका. आज उद्यात कोणाला तरी बसवा. निम्म्याच्या वर आपण जेमतेम आहोत."

ते गेल्यावर नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "कामावरून आलो की मी तिथे झोपेन. दिवसाचं..."

"दिवसाचं काय?"

"दिवसा तू आणि चिमी. थोडे दिवस."

"त्या ओलीत? त्या भिंतीशेजारी?"

"मग काय करू? सोडून देऊ? बाबा कशासाठी गेले मग?"

"बाबा चिमीकडे यायला निघाले होते," मी म्हटलं. "ताब्यासाठी नव्हते गेले."

त्याने तोंड फिरवलं. त्याच्या बाजूनेही बरोबरच होतं. या शहरात आम्हाला दुसरी खोली कोण देणार, आणि ती गेली की पत्र्याची खोलीही जाणार, कारण पत्र्याची खोली ताब्यावरच मिळाली होती. हे सगळं मला माहीत होतं. कॉलेजात तर मी शहरातल्या घरांच्या प्रश्नावर निबंध लिहून बक्षीस घेतलंय.

दुसऱ्या सकाळी मी एकटीच वर गेले. फ्रॉक दोरीवर होता. कोणी लावला, विचारायची गरज नव्हती. मी चिमटे काढले, फ्रॉकची घडी केली, दोरी सोडली आणि गुंडाळून बादलीत टाकली. खाली रस्त्यावर गोडबोल्याने मोबाइल वर धरला, मग खाली घेतला, मग हात जोडून वर बघत ओरडला, "वहिनी, फार वाईट झालं हो! पण म्हणजे... सोडलं समजायचं का?"

"हो," मी म्हटलं.

खोली सोडल्याच्या कागदावर सही नवऱ्यानेच केली, पुढे बऱ्याच दिवसांनी, माझ्याशी एक शब्द न बोलता. पण नळावर माझ्यासाठी त्या सकाळपासूनच पाणी बंद झालं. बायका बादल्या मधे सरकवायच्या. "हिच्या एकटीच्या नाटकापायी आमची घरं जाणार," कोणीतरी भांड्याशी बोलल्यासारखं बोललं. रेडिओमावशी माझ्याकडे बघून चक्क गप्प बसल्या, आणि त्या शिव्यांपेक्षा मला ते जास्त लागलं.

आता आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो, माझ्या मामेभावाच्या गोदामामागच्या खोलीत. नवऱ्याला कामावर पोचायला तीन बस बदलाव्या लागतात. तो आता माझ्याशी बोलतो, कामापुरतं. चिमीची छाती जरा बरी आहे. रात्री हात मात्र जातोच तिच्या नाकाशी.

मी दोनदा तिकडे जाऊन आले. रखवालदार आत सोडत नाही. आमचं आता वर कोणी बसलेलं नाही. मी रस्त्यावरून बघितलं. फुलांची चादर नव्हती. हिरवा टॉवेल होता. पण गेल्या वेळी तो दिवसभर दुमडलेल्या एकाच घडीत टांगलेला होता, आणि घड्याळकाका टॉवेल पूर्ण उलगडून, चारी बाजूंनी ताणून टांगायचे. मी खालून हाका मारल्या. त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, तरी मारल्या. मजल्यावर जी माणसं उरली आहेत त्यांना निम्म्याच्या वर राहायचंय. टॉवेल कोणीही लावेल. वस्तीत निरोप धाडला, तर उत्तर आलं: टॉवेल रोज लागतोय, म्हातारा ठणठणीत आहे, तुम्ही तुमचं बघा. मुलाचा परदेशातला नंबर मी मिळवला. तो म्हणाला, शेजाऱ्यांनी कळवलंय, सगळं ठीक आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही बंदराच्या रस्त्याने जाणार असाल तर निळ्या पत्र्यांच्या मागे ती इमारत दिसेल, दारावर अर्धवट झाकलेलं गव्हर्नरचं नाव आहे. रखवालदाराला सांगा, घड्याळकाकांकडे आलोय, त्यांचा पुतण्या आहे, भाची आहे, काहीही सांगा. मागचा लोखंडी जिना घ्या, भिंतीकडेने चढा, कठड्याला हात लावू नका. दुसऱ्या मजल्यावर शेवटून दुसरं दार. टॉवेलकडे बघून परत फिरू नका. दार वाजवत बसू नका, ऐकू जाणार नाही. लोटा, आत जा. पलंगावर नसले तर पलंग आणि भिंतीच्या मधे बघा. असले तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवा, आणि ते तुमच्याकडे वळून बघेपर्यंत तो काढू नका.